समुद्रतळ : कुठे जन्मतो, कुठे बुडतो

प्रश्न : रंकाळ्याच्या घाटाचा काळा दगड आणि समुद्रतळाचा दगड एकाच जातीचे आहेत, असे ऐकले. मग कोल्हापूर पूर्वी समुद्राखाली होते काय? (एक वाचक, शिवाजी पेठ)

नाही. जात एकच, म्हणजे बेसाल्ट. परंतु आपल्याकडचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी खंडाच्या जुन्या खडकावर, उघड्यावर पसरत गेला. जोतिबाच्या रस्त्याकडेला कापलेल्या दरडीत वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या आणि त्यांत भरलेली पांढरी खनिजे दिसली, तर जरा थांबून पाहावे. खोल पाण्यात ओतलेला लाव्हा मात्र एकावर एक रचलेल्या फुगीर गोळ्यांच्या रूपात गोठतो आणि झटकन थंड झाल्यामुळे त्यांच्या बाहेरच्या सालीचे काचेत रूपांतर होते.

प्रश्न : नवा तळ तयार होतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याचे वय कसे कळते? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

सर्व महासागरांतून मिळून सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची पर्वतरांग पाण्याखालून जाते. तिच्या माथ्यावर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरतात, त्यामुळे खालचा तप्त खडक वर येतो आणि वितळतो. तापमान वाढल्यामुळे नव्हे, तर वरचा दाब घटल्यामुळे. या रसापासून साधारण सहा-सात किलोमीटर जाडीचे कवच बनते. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग रांगेवर हा विस्तार वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर इतकाच होतो, तर पूर्व पॅसिफिकमध्ये काही ठिकाणी तो पंधराच्या आसपास जातो.

वयाचे म्हणाल, तर थंड होताना बेसाल्टमध्ये त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अनेकदा उलटले असल्याने रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे जोडीने आढळतात. कोणता पट्टा कोणत्या उलटण्याच्या काळातला हे जुळवले, की तळाचे वय कळते. 1963 साली व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी पट्ट्यांचा हा अर्थ लावला, तो याच कार्ल्सबर्ग रांगेवरील मोजणीच्या आधारे. हे आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवे, असे मला वाटते.

प्रश्न : तळ सतत वाढत असेल, तर पृथ्वी फुगत का नाही? (एक वाचक, कागल)

कारण जितका तळ बनतो, तितकाच दुसरीकडे बुडतो. रांगेजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर असलेला तळ दूर जाता जाता थंड, जाड व जड होतो आणि साडेपाच-सहा हजार मीटरपर्यंत खचतो. शेवटी तो खोल गर्तेपाशी शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो. पलंगावरून लोंबणारी गोधडी उरलेला भाग ओढून नेते, तसा हा बुडालेला भाग मागच्या संपूर्ण भूपट्टाला खेचतो. वर येणारा रस भूपट्टांना ढकलतो, असे चित्र अनेकांच्या मनात असते, पण मुख्य जोर या ओढीचा असतो. म्हणूनच खंडांवर 400 कोटी वर्षांचे खडक सापडत असले, तरी महासागरांच्या विस्तीर्ण तळांमध्ये सुमारे 18 कोटी वर्षांहून जुने काही क्वचितच उरले आहे.

प्रश्न : कोकणात आमचे नातेवाईक आहेत. या बुडण्याचा त्यांना धोका आहे काय? (एक वाचक, शाहूपुरी)

कोकणच्या किनाऱ्यालगत तळ बुडत नाही. अरबी समुद्रातील जवळची जागा म्हणजे पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा. नोव्हेंबर 1945 मध्ये तेथील भूकंपाने उठलेल्या त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या, त्यामुळे धोका शून्य म्हणता येणार नाही. कार्ल्सबर्ग रांगेवरही भूकंप होतात. परंतु तेथे तळ मोठ्या प्रमाणात उभा उचलला जात नसल्याने त्यांतून मोठी त्सुनामी सहसा उठत नाही.