वाचकांचे प्रश्न : नायटा, चिखल्या, पित्त आणि व्हिएतनामी भाषा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतर्फे सहा महिने हो ची मिन्ह शहरात जायचंय. पावसाळ्यात मला नायटा आणि चिखल्या होतातच. तिथल्या औषध दुकानात काय म्हणू? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिथला पावसाळा साधारण मे ते नोव्हेंबर, तेव्हा हे शब्द पाठच करून जा. 'तोय बि' (मला झालंय) म्हणायचं आणि पुढे आजाराचं नाव जोडायचं. 'बि' त्रासाच्या गोष्टीलाच लागतो; आवाज खाली नेऊन घशात तोडा. नायटा म्हणजे 'हाक लाओ', शिबं म्हणजे 'लांग बेन'. चिखल्यांना 'नुअक आन चान' म्हणतात, शब्दशः 'पाणी पाय खातं'. गगनबावड्याच्या भातरोपणीत पाय कुजलेल्या माणसाला हे नाव लगेच पटेल.

खाज म्हणजे 'ङुआ', आणि इथेच बहुतेक जण अडखळतात. 'अंगण' म्हणताना 'अ'नंतर नाकातून जो आवाज येतो, त्यानेच शब्द सुरू करा. ओठ गोल न करता 'उ' काढा, सूर 'हो?' विचारल्यासारखा चढवा. 'न्' आणि 'गु' सुटे म्हटले की समोरच्याला कळत नाही. सुराने तर अर्थच फिरतो : 'गॅ' खाली जाऊन वर आला तर खरूज, सपाट राहिला तर होडी! म्हणून बोटाने जागा दाखवून 'ओ दाय' (इथे) म्हणा आणि नाव कागदावर लिहून न्या. लिपी रोमन आहे, पण अक्षरांवरच्या-खालच्या खुणा गाळू नका. सूर त्यांतच असतो.

मलम घेण्याआधी विचारा : 'को कोर्तिकोइत खोङ?' म्हणजे यात स्टिरॉइड आहे का? स्टिरॉइडने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि नायट्याची कड पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं.

प्रश्न : शेंगदाण्याने माझ्या अंगावर पित्त उठतं. हनोईला जाते आहे. – वाचक, राजारामपुरी

उत्तर : पित्त 'मे दाय'. आपण 'उठतं' म्हणतो तसं तेही 'नोय मे दाय' म्हणतात. 'नोय' म्हणजे वर येणं. जेवण मागवतानाच सांगा : 'तोय बि झि उङ लाक', मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दक्षिणेत 'झि'चा 'यि' होतो आणि शेंगदाण्याला 'दाउ फोङ' म्हणतात, तेव्हा दोन्ही शब्द ठेवा. भाजलेल्या दाण्यांचा भरडा तिथे नूडल्स-सॅलडवर सर्रास पेरतात. ओठ सुजले, धाप लागली तर 'खो थो' (श्वास अडतोय) म्हणा आणि ११५ वर रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : मुरुमं आणि नागीण? – वाचक, शाहूपुरी

उत्तर : मुरुमं 'मुन चुङ का', म्हणजे गाबोळीची पुटकुळी. नागिणीला लोक 'झोय लेओ' म्हणतात, पण किडा अंगावर चिरडून उठलेल्या फोडांनाही हेच नाव देतात. डॉक्टरांसमोर 'झोना' म्हणा. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. नावाच्या घोळात तो वेळ घालवू नका.