आजोबांची बोट बुडाली, पण कागद कुठे शोधायचे? वाचकांचे प्रश्न

युद्धात बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांची माहिती कशी काढायची यावर मागे थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. समुद्र बघायचा तर ग्वाल्हेरच्या माणसाला रात्रभर गाडीत बसावं लागतं, आणि तरी इथल्या कितीतरी मराठी घरांत कोणी ना कोणी नेव्हीत होतंच. सगळ्यांना आधी एकच सांगतो. घरातली गोष्ट जहाजाच्या नावावरून चालते पण सरकारी दप्तर माणसाच्या सर्व्हिस नंबरवर आणि तारखेवर चालतं, त्यामुळे जहाज नंतर, आधी ट्रंक उघडा, मेडल, तार, मनीऑर्डरची पावती, पेन्शनचं पुस्तक जे असेल ते बाहेर काढा.

माझे पणजोबा महाराजांच्या ‘लॉयल्टी’ बोटीवर होते. जर्मनांनी ती बुडवली आणि ते गेले असं आजी सांगायची. कुठे नोंद मिळेल? (लश्कर, ग्वाल्हेर)

ताई, लॉयल्टी बुडालीच नाही हो! मूळची ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, १८९१ मधली. १९१४ च्या शेवटी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती घेतली, आत दवाखाना केला, नाव लॉयल्टी ठेवलं आणि युद्ध संपेपर्यंत ती जखमी सैनिकांची ने-आण करत होती. पुढे १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी मंडळींनी ती विकत घेतली, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव आपल्या महाराजांवरून पडलं ते त्यामुळेच, आणि ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात (ग्वाल्हेरच्या बाड्यावर दहा जणांना विचारून बघा, एकाला माहीत असेल तर चहा माझ्याकडून). १९२३ मध्ये ती भंगारात गेली.

मग पणजोबा कसे गेले? आजी खोटं सांगत होती असं मी मुळीच म्हणत नाही. ते बोटीवर आजारी पडून गेले असतील, किंवा लॉयल्टीवरून दुसऱ्या जहाजावर बदली झाली असेल आणि ते बुडालं असेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन युद्धात गेलेल्यांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवतं, त्याच्या साइटवर पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू धरलेत, तिथे आधी बघा. ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर आहेत, पहिल्या युद्धातली दोन हजारांच्या वर. ते दरबारचे नोकर असतील तर मात्र भोपाळला राज्य पुराभिलेखात ग्वाल्हेर रियासतीचं दप्तर बघावं लागेल, त्याला वेळ लागतो, दोन दिवसात होईल म्हणून जाऊ नका. आणि हो, १९०० मध्ये चीनच्या लढाईतही महाराजांनी एक हॉस्पिटल शिप पाठवली होती, तिचं नाव ‘ग्वाल्हेर’. घरोघरी या दोन बोटींची सरमिसळ होते, तेव्हा पणजोबांचं वय आधी नीट जुळवून घ्या.

आजोबांचा एकच फोटो आहे. टोपीच्या रिबनवर फक्त ‘एच.एम.आय.एस.’ एवढंच लिहिलंय, पुढे नाव नाही. १९४२ मध्ये बर्माकडे बोट बुडून गेले म्हणतात. कोणती बोट? (मुरार, ग्वाल्हेर)

एच.एम.आय.एस. म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, तेव्हाच्या भारतीय नौदलाचं जहाज. रिबन खराब झालेली नाहीये. युद्धाच्या काळात शत्रूला कळू नये म्हणून टोपीवर जहाजाचं नाव लावतच नसत, त्यामुळे टोपी काही बोलणार नाही. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला, बाही बोलते. उजव्या दंडावर प्रोपेलरसारखा बॅज दिसतोय म्हणजे ते स्टोकर होते, खाली बॉयलरपाशी काम करणारे. डाव्या दंडावर एक पट्टी आहे, ती चांगल्या वागणुकीची, साधारण ३ वर्षं नोकरी झाल्यावर मिळायची. म्हणजे १९४२ मध्ये गेले असतील तर भरती १९३९ च्या आसपास किंवा आधीची, युद्धाच्या मधल्या घाईतली नव्हे. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा, मुंबई की कराची यावरूनही पुष्कळ कळतं.

आता बोट. रॉयल इंडियन नेव्हीची १९४२ मध्ये त्या बाजूला बुडालेली दोन नावं मला लगेच आठवतात, ‘सोफी मारी’ १ मार्चला अंदमानपाशी सुरुंगावर गेली आणि ‘इंडस’ ६ एप्रिलला अक्याबला, म्हणजे आजच्या सित्वेला, जपानी विमानांनी बुडवली. घरी आलेल्या तारेवर तारीख असेल तर निम्मं काम झालं. तार नसेल तर कमिशनच्या साइटवर नाव टाकत बसू नका, कारण साहेबांनी आपल्या नावांचं काय केलंय ते बघाल तर हसाल, पवारचं पोवार, जाधवचं जाधो, कुठे आडनावच नाही नुसतं बापाचं नाव. उलटीकडून जा. रॉयल इंडियन नेव्ही निवडा, मृत्यूची तारीख त्या दोन दिवसांची टाका आणि जी यादी येईल ती हळूहळू वाचा, वडिलांचं नाव किंवा गाव ओळखीचं दिसतंय का बघा. दोन्हीकडे नाव नसेल तर आजोबा त्या बोटीवर होते पण बुडताना गेले नाहीत, असंही असू शकतं. जहाज बुडालं म्हणजे सगळेच गेले असं नसतं.

चुलत आजोबा ‘तलवार’ जहाजावर होते. ते कुठे बुडालं? (ग्वाल्हेर)

कुठेच नाही, ती बिल्डिंग होती. नेव्हीत जमिनीवरच्या केंद्रांनाही जहाजाचंच नाव देतात, तलवार म्हणजे कुलाब्यातली सिग्नल शाळा. १८ फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव तिथूनच सुरू झाला. चुलत आजोबा त्या वर्षी अचानक घरी परतले असतील तर बुडालेल्या बोटीच्या नाही, उठावाच्या बाजूने शोधा.

मोठे काका ‘खुकरी’वर होते. लग्न झालं नव्हतं, पेन्शन आजीला यायची, ती गेली आणि सगळी फाइल घर बदलताना गेली. आता त्यांची सर्व्हिस कळेल का? (इंदूर)

कळेल, आणि तुमचं काम बाकीच्यांपेक्षा सोपं आहे कारण हे स्वतंत्र भारताचं रेकॉर्ड आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. काका नाविक असतील तर कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, अधिकारी असतील तर दिल्लीला नौदल मुख्यालयात. नंबर नाही म्हणता, तर आजीची पेन्शन ज्या बँकेत यायची तिथे जाऊन जुना पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर काढायला सांगा, बँकवाले आधी नाहीच म्हणतात, तरी बसून राहा. मग काकांशी नातं सिद्ध करणारे कागद, म्हणजे आजोबांच्या रेशनकार्डापासून तुमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत, जोडून इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवा. सरळ आरटीआय टाकू का असं विचारलंय, माझं मत आधी साधा अर्ज, घरच्यांच्या साध्या पत्राला तिथली माणसं जास्त मनापासून उत्तर देतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात काकांचं नाव ग्रॅनाइटवर कोरलेलं असायला हवं, साइटवर शोधता येतं. तिथे १९४७ नंतरचेच शहीद आहेत हे मुरारवाल्यांनीही लक्षात ठेवा म्हणजे उगाच दिल्लीचं तिकीट काढणार नाही.

आजेसासरे ‘टिलावा’वर भंडारी (बोटीवरचे स्वयंपाकी) होते, १९४२ मध्ये गेले. ती युद्धनौका होती का? (बडोदा)

नाही, ब्रिटिश इंडिया कंपनीची प्रवासी बोट, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली. २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने दोन टॉर्पेडो मारले, २८० गेले, ६७८ वाचले. पण शत्रूच्या हल्ल्यात गेलेले व्यापारी बोटींवरचे खलाशीही कमिशनच्या यादीत येतात, दुसऱ्या युद्धाच्या मुंबई स्मारकाच्या नोंदीत असे जवळपास ६ हजार आहेत, नौदलाचे जेमतेम ४००. तेव्हा ‘रॉयल इंडियन नेव्ही’ टाकून शोधाल तर ते सापडणारच नाहीत, ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ टाका. कोणत्या बोटीवर कधी चढले हे हवं असेल तर लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बीटी ३८१ या मालिकेत त्या काळच्या क्रू लिस्ट आहेत, बोटीच्या अधिकृत नंबरवरून काढतात.

एक एजंट म्हणतो पाच हजारात सगळं काढून देतो. द्यावेत का? (लश्कर, नाव नको)

नको. कमिशनचा शोध फुकट आहे, मानखुर्दचे लोक घरच्यांशिवाय कोणाला काही देत नाहीत आणि क्यूला कॉपीचे पैसे थेट त्यांच्याच साइटवर भरायचे असतात. मग एजंट करणार काय?