जुन्या घरच्या पीसीवर पहिल्यांदा कोणतं लिनक्स टाकू?

रॅम ४ जीबी आणि लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) अनुभव शून्य असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरळ सांगतो: लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. उबुंटू हे दुसरं लिनक्सही चांगलंच, पण एवढ्या रॅमवर धापा टाकतं. मिंटचा मेनू विंडोजसारखाच खाली डावीकडे. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचे वडील दोन दिवसांत रुळले, आता मलाच शिकवतात!

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. हार्डडिस्कला धक्का लागत नाही. पटलं तरच इन्स्टॉल करा, तेही फोटोंचा बॅकअप घेऊनच. ‘इरेज डिस्क’ निवडलं की सगळं पुसलं जातं. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी) मिळेल. दुकानाचा हिशेब टॅली या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर मात्र विंडोज काढू नका, शेजारी ड्युअल बूट ठेवा, म्हणजे पीसी सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता येईल.