लॅपटॉपवर रुपयाच्या जागी डॉलर दिसतोय

प्रश्न : माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, बिलं एक्सेलमध्ये करते. भाच्याने अमेरिकेतून लॅपटॉप आणून दिला, पण त्यात रक्कम टाकली की $ येतो आणि एक लाख लिहिलं की 100,000 असा स्वल्पविराम पडतो. गिऱ्हाइकं विचारतात हे किती? काय करू? - एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लॅपटॉप बिघडलेला नाही, त्याला अजून आपण अमेरिकेतच आहोत असं वाटतंय एवढंच. आधी एक्सेल बंद करा. मग सर्चमध्ये कंट्रोल पॅनेल टाइप करा, त्यात क्लॉक अँड रीजन, त्यात रीजन. वर फॉरमॅटची यादी दिसेल तिथे इंग्लिश (इंडिया) निवडून अप्लाय करा. बहुतेक वेळा एवढ्यात ₹ येतो. नाहीच आला तर खाली अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, तिथे करन्सीमध्ये चिन्ह ₹ करा आणि डिजिट ग्रुपिंगमध्ये 12,34,56,789 निवडा. हेच ग्रुपिंग शेजारच्या नंबर्स टॅबमध्येपण करायचं, ते वेगळं असतं आणि तेच लोक विसरतात, मग साध्या आकड्यांत लाख काही नीट दिसत नाही.

आता महत्त्वाचं. यात फक्त चिन्ह बदलतं, रक्कम नाही. भाच्याने 500 डॉलरचा हिशोब त्यात ठेवला असेल तर तो आता ₹500 दिसू शकतो, म्हणून अशा सेलवर राइट क्लिक करून फॉरमॅट सेल्स, करन्सी, आणि चिन्हांच्या यादीतून इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) वालं $ ठरवून टाका, मग ते हलणार नाही.

आणि तारखा नक्की तपासा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तुम्ही 5 नोव्हेंबरसाठी 5/11 टाकलं असेल तर एक्सेलने ते 11 मे म्हणून साठवलंय आणि आता सेटिंग बदललं तरी ते 11 मेच राहणार. उधारीची जुनी बिलं एकेक करून बघा, कंटाळा करू नका, पैशाचा मामला आहे.

₹ हाताने टाइप करायचा तर कीबोर्ड इंग्लिश (इंडिया) घ्या आणि उजवं ऑल्ट दाबून 4. गिऱ्हाइकाला मात्र बिल पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरवर काहीही सेटिंग असो, त्याला ₹च दिसेल.