मुखवट्यासाठी मातीचं मॉडेल गुळगुळीत कसं करायचं? कितीही पाणी लावलं तरी बोटांचे ठसे राहतात

तुमच्या प्रश्नातलं "कितीही पाणी लावलं तरी" वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. अहो पाणी लावताय म्हणूनच होतंय ते. शाडूवर सारखा ओला हात फिरवला की बारीक माती धुऊन जाते, खरखरीत कण वर येतात, ते दाबायला तुम्ही परत पाणी घेता, आणि नाकाची धार, भुवईचा उंचवटा सगळं विरघळून शेवटी हातात बटाटा उरतो.

माझं आजोळ पेणचं, मामाचा गणपतीचा कारखाना, शाळेच्या सुट्ट्या तिथेच गेल्या. फिनिशिंग मामीकडे. ती ब्रश पाण्यात बुडवून आधी चिंधीवर जवळजवळ कोरडा करायची आणि मगच मूर्तीवर न्यायची, तोही अगदी शेवटी. पाण्याचं भांडं कुणी मूर्तीजवळ सरकवलं तरी ओरडायची.

तर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांचं प्रल्हादाचं नाटक होतं आणि नरसिंहाचा मुखवटा माझ्याकडे आला. माझ्याकडे म्हणजे, माझ्याकडे आणि एका काकांकडे. काका आर्ट कॉलेजला शिकलेले, त्यामुळे मत त्यांचं आणि माती मळायची मी. मी जबडा, गालाची हाडं, कपाळ असे मोठे उठाव आधी लावत होते, तर हे मागून येऊन स्पंज फिरवायचे. काचेसारखं झालं पाहिजे म्हणे. मी म्हटलं काका, मामी असं करत नाही, तर म्हणाले "तुझ्या मामीला अ‍ॅनाटॉमी कळते का?" आता काय बोलणार. मामीने आयुष्यभर सोंडेला वळण दिलंय, कानाची पाळी कुठे पातळ करायची ते ती न बघता सांगते, पण अ‍ॅनाटॉमी नाही कळत, बरोबर आहे. काकांनी स्पंज मारमारून डोकं खरंच चकचकीत केलं, रात्री पंखा लावून ठेवलं, सकाळी कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर. शाडू वाळताना आकसते, आत आधाराला उलटी घातलेली कुंडी काही आकसत नाही, मग माती फाटणारच. चीर बुजवली, वर कागद चिकटवले, आणि काकांची ती काचेसारखी चकाकी कुठे गेली? मुखवट्याच्या आत! नरसिंह झालेल्या पोराच्या नाकाला तेवढी लागली असेल.

हे कुणी सांगतच नाही. मातीवर थेट कागद लावणार असाल तर मातीचे बारीक ठसे बाहेर दिसतच नाहीत, बाहेर दिसतो तो कागद. तिथे उठाव महत्त्वाचा, तोही जास्तीचा, कारण कागदाचे थर खाचा भरून टाकतात. डोळ्यांच्या खोबण्या, नाकपुड्या हव्यात त्याहून खोल करा. मातीवरून प्लास्टरचा साचा काढून कागद आतून बसवणार असाल तर मात्र मातीवरचा प्रत्येक ठसा मुखवट्यावर उतरतो, मग घासा हवं तितकं. तुम्ही यातलं कुठलं करताय ते प्रश्नात लिहिलंच नाहीये.

बोहाडा बघा एकदा, जव्हार-मोखाड्याकडचा, मुखवटे घालून नाचायचा आदिवासी उत्सव. रात्री टेंभ्यांच्या उजेडात सोंगं नाचतात, लांबून दिसतात ते डोळे, जबडा आणि मुखवट्याची कड. गाल किती गुळगुळीत आहे हे बघायला कोण जवळ जातंय? स्टेजवर तेच असतं, पण काकांना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही.

तरी गुळगुळीत हवंच असेल तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घ्या आणि दातांच्या बाजूने माती आडवी-तिरपी खरवडा, उंचवटे आपोआप खाली येतात. खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, समोरून न दिसणारा खड्डा लगेच सावलीत दिसतो. मग थांबा. बोट टेकवलं तर ठसा उठत नाही पण नख रुततं इतकी माती सुकू द्या, आणि तेव्हा स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवा. ओल्या मातीत जे तासभर जमत नाही ते इथे पटकन होतं. चिरा टाळायला आतल्या कुंडीवर आधीच ओल्या वर्तमानपत्राचा जाड थर द्या आणि माती पूर्ण वाळायची वाट न बघता व्हॅसलीन लावून कागद सुरू करा. कागद फाडून घ्या, कात्रीने कापलेल्या कडा वरून दिसतात. खरा गुळगुळीतपणा त्यानंतर येतो: व्हायटिंग पावडर (म्हणजे खडूची बारीक पूड) आणि फेविकॉलचा लेप, वाळला की पॉलिश पेपर.

हे सगळं शाडूचं झालं. प्लॅस्टिसिन तेलाची असते, तिला पाणी चालतच नाही, टर्पेंटाइनचा ब्रश लागतो, तोही खिडकी उघडी ठेवून. आणि पुढे साच्यासाठी वरून सिलिकॉन ओतायचं मनात असेल तर गंधक नसलेली क्ले घ्या, नाहीतर प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन घट्ट न होता चिकटच राहतं. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात, पोराच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूत ते अजिबात नको, विषारी असतं, फेविकॉल वापरा. मातीचं डोकं पोराच्या डोक्यापेक्षा बोटभर मोठं हवं हेही राहिलंच सांगायचं, कारण मातीवर थेट कागद लावला तर मुखवट्याचं आतलं माप म्हणजे तुमच्या मातीचं बाहेरचं माप.

आणि सिंहबिंह करत असाल तर आयाळ मातीत कोरत बसू नका. मुखवटा रंगवून झाला की काथ्या रंगवून वरून चिकटवा, हलतो पण छान. काका आयाळीचा एकेक केस कोरणीने काढत होते, वर कागद बसल्यावर त्यातला एकही दिसला नाही.