उच्चारावरून कोणी "कुठला तू?" विचारलं तर

चाळीसगावहून मँचेस्टरला चाललास ना भाऊ, मग बसमध्ये, दुकानात हा प्रश्न येणारच. बहुतेक जण कुतूहलानेच विचारतात. "जळगाव जिल्हा, केळीचा मुलूख" एवढं सांग, गप्पा सुरू होतात. कंटाळा आला असेल तर नुसतं "भारत" म्हण आणि कामाचं बोल.

इथल्यांची नक्कल मात्र करू नकोस. मेहनत घे ती बोलणं समोरच्याला समजावं म्हणून. आपण शब्दाचे सगळे तुकडे सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत जोर ठरलेल्या तुकड्यावर असतो: 'डेव्हलप'मध्ये (ते म्हणतात 'डिव्हेलप') 'व्हे'वर, 'हॉटेल'मध्ये 'टेल'वर. तो हलला की ओळखीचा शब्दही त्यांना कळत नाही. शब्दकोशात जोराची खूण दिलेली असते, ती बघत जा. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकव, 'डब्ल्यू'ला ओठ गोल कर. एवढ्याने खूप फरक पडतो, मी स्वतः बघितलंय.

घरी आईशी अहिराणीतच बोल. त्याने इंग्रजी बिघडत नाही, कोणी काहीही म्हणो.

ऑफिसात कोणी उच्चाराची सारखी टर उडवली तर सहन करू नकोस. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात राष्ट्रीय मूळावरून होणारा छळ बेकायदेशीर आहे. तारीख, शब्द, साक्षीदार लिहून ठेव आणि एचआरकडे लेखी दे.