आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय पहिल्या वर्षाला घेतलाय. बातम्या कळतात, सिद्धांत कळत नाहीत. अभ्यास कसा करू?

तुम्ही लिहिलंय की रोज बातम्या वाचता, पण वास्तववाद (राज्यं सत्ता आणि सुरक्षेसाठी झगडतात), उदारमतवाद (संस्था आणि सहकार्यानं संघर्ष टळतो) असे सिद्धांत आले की सगळं डोक्यावरून जातं आणि उत्तरपत्रिकेत नुसत्या व्याख्या उतरतात. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. एका चाचणीच्या पेपरवर सरांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, "हे दिसतं कुठे?" मी आठवडाभर चिडून होतो.

मी सिद्धांत आधी पाठ करायचो आणि उदाहरण शेवटी चिकटवायचो. तुम्ही उलटं करा. एकच प्रसंग निवडा आणि वर्षभर तो सोडू नका. मी १९६२ चा क्यूबातला क्षेपणास्त्रांचा पेच धरला. १६ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना क्यूबातल्या सोव्हिएत अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांची हवाई छायाचित्रं दाखवली, २८ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचं जाहीर केलं. तेरा दिवसांचा मामला, पण त्यात जवळजवळ अख्खा अभ्यासक्रम सापडतो.

सोव्हिएत संघानं ती क्षेपणास्त्रं क्यूबात नेलीच का, असं वास्तववाद्याला विचारा. तो म्हणेल, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत सोव्हिएत संघ मागे होता, अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं शेजारी तुर्कस्तानात होती, तफावत भरून काढायला हा जवळचा रस्ता. वर आदल्याच वर्षी अमेरिकेच्या पाठबळावर क्यूबावर स्वारी होऊन फसली होती. म्हणजे मॉस्कोला जो बचाव वाटत होता, तोच वॉशिंग्टनला हल्ल्याची तयारी दिसत होता. 'सुरक्षेची कोंडी' म्हणतात ती हीच.

उदारमतवादी विचारेल, मग युद्ध का झालं नाही? तो बोट ठेवेल सुरक्षा परिषदेतल्या चर्चेवर, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे प्रभारी सरचिटणीस ऊ थांट यांच्या मध्यस्थीवर, आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टन-मॉस्को यांच्यात थेट संपर्कासाठी आलेल्या हॉटलाइनवर नि अणुचाचण्यांवरच्या अंशतः बंदीच्या करारावर. रचनावाद्याचा (राज्यांच्या कल्पना आणि ओळखी महत्त्वाच्या मानणाऱ्याचा) प्रश्न मला सगळ्यात आवडतो: अण्वस्त्रं तर ब्रिटनकडेही होती, त्यांनी वॉशिंग्टनची झोप का उडाली नाही? शस्त्र तेच, पण ते मित्राच्या हातात आहे की शत्रूच्या, यावर धोका ठरतो.

एक बारीक गोष्ट. क्षेपणास्त्रं घेऊन येणारी जहाजं अडवायला केनेडींनी क्यूबाभोवती जी समुद्री नाकेबंदी केली, तिला नाकेबंदी न म्हणता 'क्वारंटाइन' म्हटलं, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते. बलाढ्य देशालाही शब्द जपून वापरावा लागला. कायद्याला किंमत नाही असं म्हणणाऱ्यांना हे विचारायला चांगलं.

'अराजकता' या शब्दावर बरेच जण अडखळतात. इथे त्याचा अर्थ दंगेधोपे नाही. राज्यांच्या वर हुकूम सोडणारं कुणी नाही, इतकाच. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत, पण सुरक्षा परिषदेतला महत्त्वाचा ठराव तिच्या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाच्या नकाराधिकारानं पडू शकतो, हे डोळ्यासमोर ठेवलं की शब्द बसतो.

वाचनाचं म्हणाल तर बातम्या कमी करा (होय, कमीच). त्याऐवजी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतली कलम २, २७ आणि ५१ मुळातून वाचा. एका बैठकीत होतात. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानं सार्वभौम राज्य जन्माला आलं हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मात्र जरा सांभाळून वापरा. अभ्यासकांत त्यावर वाद आहे आणि तहात ते इतकं सरळ लिहिलेलं नाही.

उत्तर लिहिताना पहिल्याच वाक्यात बाजू घ्या, व्याख्या नंतर. सरावाला हा प्रश्न घ्या: २८ ऑक्टोबरला माघार कुणी घेतली? तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं हटवण्याचं आश्वासन अमेरिकेनं गुपचूप दिलं होतं आणि १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती हटलीही. हे कळल्यावर 'केनेडी ठाम राहिले म्हणून जिंकले' हे उत्तर लिहायला हात धजावतो का, बघा.